कानाने दात बसवणारा

माझे वरचे सगळे दात खोटे आहेत, हे आधीच सांगून टाकते. अठ्ठावन्नाव्या वर्षी खरे गेले आणि त्यानंतर अकरा वर्षं मी रंगमंचावर उभी राहिले, ती एका माणसाच्या जिवावर. प्रेक्षकांनी त्याला कधी पाहिलं नाही. जाहिरातीत कपडेवाल्याचं, केसवाल्याचं नाव असायचं. कवळी करणाऱ्याचं कोण छापणार? आम्ही नटमंडळी त्याला कवळीकर म्हणायचो. हे आडनाव आम्हीच त्याला बहाल केलं आणि ते इतकं चिकटलं, की त्याची बायकोही ‘आमचे कवळीकर’ म्हणू लागली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे त्याची खोली होती. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागायची. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि खणाखणांच्या पेटीत रंगांप्रमाणे लावलेले दात. पांढरा रंग सोळा तऱ्हांचा असतो, हे मला तिथं कळलं.

पहिल्या भेटीत मी थाटात म्हटलं, “मला मोत्यांसारखे दात हवेत.”

“मोती कानात घाला,” तो मान वर न करता म्हणाला. “तोंडात दात बरे दिसतात.”

तेव्हाच ठरवलं, या माणसाशी आपलं जमणार. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायचा, मी त्याला अरे-तुरे करायचे.

कवळी पक्की होण्याआधी दात मेणात रोवून तोंडात घालून बघतात. बाकीचे कारागीर हे काम डॉक्टरांवर सोडून मोकळे होतात. पेशंट आरशात बघतो, हसतो, झालं. कवळीकर मात्र आपलं स्टूल घेऊन बाहेर यायचा आणि पेशंटकडे पाठ करून बसायचा. म्हणायचा, “साठपासून सत्तरपर्यंत मोजा.” एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... या आकड्यांत दात केसभर जरी पुढे असला तरी शिट्टी वाजते. ती आम्हाला ऐकू यायची नाही, त्याला यायची. सदुसष्टपर्यंत पोचायच्या आत तो उठून मेण गरम करायला गेलेला असायचा.

दुसरी परीक्षा त्याहून अवघड. “आता भांडा.”

“कुणाशी?”

“माझ्याशी. गोड बोलताना सगळ्यांचेच दात बसलेले असतात. रागात कळतं.”

एका निवृत्त मुख्याध्यापकांना काही केल्या भांडताच येईना. तेव्हा याने शांतपणे विचारलं, “तुमच्या शाळेतली पोरं नापास का व्हायची हो एवढी?” पुढची दहा मिनिटं ते गृहस्थ असे काही कडाडले, की कवळीकर खूश. माझ्या वेळी तर बाहेर बसलेले दोन पेशंट उठून निघून गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या या ऐकण्यापायी माझा दवाखाना बसायचा!” पण त्याही जाणून होत्या. तीन-तीन ठिकाणच्या कवळ्या कपाटात ठेवून लोक शेवटी त्यांच्याकडे येत, ते या स्टुलासाठीच.

तीस वर्षं तो सकाळी नऊला त्या खोलीत शिरायचा. घर दहा मिनिटांवर. दोन खोल्या आणि एक खिडकी, ती उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवसाही दिवा लावायला लागायचा. कपडे पंख्याखाली वाळायचे. वहिनी, म्हणजे त्याची बायको, तोंडाने तिखट आणि हाताने सढळ. मला एकदा म्हणाल्या, “ताई, माझं काही फार मागणं नाही. अंगावर सकाळचं ऊन घेत बसून केस वाळवायचेत. यांना विचारलं की म्हणतात, बघू. आता केसच राहिले नाहीत वाळवायला.”

मुलगी लग्न होऊन लांब गेली. भाडं दर वर्षी चढत होतं. घरमालकीण दर महिन्याला जिन्यात गाठून म्हणायची, “तुमच्या जागी दुसरा असता तर दुप्पट दिलं असतं.” अशात वहिनींच्या भावाने एका लहान गावात घर शोधलं. बसने आठ तास. चार खोल्या, पुढेमागे अंगण, आणि भाडं इथल्या निम्म्याहून कमी. डॉक्टरीणबाई तयार झाल्या. दातांचे ठसे कुरिअरने पाठवायचे, याने तिथं कवळी करून परत पाठवायची. हल्ली सगळं असंच चालतं म्हणे.

कवळीकर माझ्याकडे आला. चहा गार झाला तरी कपाला हात नाही.

“ताई, बाकी सगळं जमेल हो. पण ऐकायचं कसं?”

“अरे, फोन कशासाठी असतो?” मी म्हटलं. “पेशंटला सांगायचं, मोज बाबा साठपासून. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं जग रडतं. तुला दोन्ही मिळतंय, आणि तू तोंड पाडून बसलायस! वहिनींनी तीस वर्षं दिव्याखाली काढली. जा!”

उभी राहून, हात पसरून म्हटलं मी हे. मला तशी खोड आहे. चार माणसांपुढे बोलायचं ते एकट्यापुढेही तसंच बोलते. तो हसला आणि त्याचं ठरलं. आणि ज्या बाईने चाळीस वर्षं शेवटच्या रांगेला शब्द कसा पोचवायचा एवढाच अभ्यास केला, तिला त्या क्षणी सुचू नये, की फोनवर सगळ्यात आधी मरतो तो ‘स’? फोनवर आपण नाव सांगतो आणि समोरचा विचारतो, फ की स? हे रोजचं. पण टाळ्या घ्यायच्या नादात मी विसरले.

पहिले सहा महिने फोनवर नुसता आनंद. वहिनींनी कोंबड्या पाळल्या. त्यातल्या सगळ्यांना टोचत हिंडणाऱ्या कोंबडीचं नाव ठेवलं घरमालकीण. “आज घरमालकिणीने अंडं दिलं,” वहिनी सांगायच्या, “आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडून काही मिळालं!” मागून कवळीकरच्या हसण्याचा आवाज यायचा. मग तो थोडा थोडा कमी ऐकू येऊ लागला.

डॉक्टरीणबाईंकडून मला हकिगत कळत होती. मेणातले दात उन्हातून आठ तास प्रवास करून यायचे, वाटेत मेण हलायचं. पेशंट फोनवर मोजायचा, कवळीकर पलीकडून म्हणायचा, पुन्हा मोजा. पुन्हा मोजा. माणसं चिडायची. फोनवर भांडायला सांगितलं तर खरंच भांडायची, आणि तेही डॉक्टरीणबाईंशी. शेवटी तो अंदाजाने कवळी पक्की करायचा आणि आठ दिवसांनी ती शिट्टी वाजवत परत यायची. एकदा तो स्वतः येऊन दोन दिवस राहिला. सगळी कामं नीट झाली. पण दर वेळी बसने येणं त्याच्या पाठीला झेपणारं नव्हतं.

दीड वर्ष झालं. मागच्या खोलीत डॉक्टरीणबाईंना एक्स-रेचं मशीन बसवायचं होतं. त्यांनी कवळीकरला सरळ सांगितलं, “दवाखान्याच्या वर राहायला एक खोली आहे. लहान आहे, पण भाडं नको. दोघंही परत या. तसं असेल तर मशीनसाठी मी दुसरी जागा बघते. नाहीतर काम त्या नव्या कारखान्याला देते. महिनाअखेरपर्यंत कळवा.”

महिना संपायला पाच दिवस होते, तेव्हा त्याचा फोन आला. “ताई, चार दिवस राहायला या.” मी काय ते समजले आणि निघाले.

घर खरंच देखणं होतं. त्याच्या कामाच्या खोलीला तीन खिडक्या. फळ्यांवर जबडे पूर्वीसारखेच ओळीने, पण त्यांच्यावर धूळ. टेबल मात्र लख्ख स्वच्छ. कारागिराचं टेबल असं नसतं.

“जायचंय मला,” दार लोटून तो म्हणाला. “ती एक खोली चालेल, अगदी माळा असला तरी चालेल.”

“मग वहिनींना सांग की.”

“कुठल्या तोंडाने सांगू? बघताय ना तिला? गुडघे दुखायचे थांबलेत. शेजारच्या बायकांना शिवण शिकवते. पुन्हा त्या दिव्याखाली चल म्हणू?” मग हळूच म्हणाला, “तुम्ही बोला ना. तुमचं ती ऐकते. मला इथं पाठवताना बोललात, तसं बोला.”

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण लागायचं तिथं लागलं.

“अरे, तू एकटा जा, महिन्यातून पंधरा दिवस.”

“लग्न झाल्यापासून आठवडाभरसुद्धा वेगळे राहिलो नाही, ताई. आता या वयात मी तिथं आणि ती इथं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अंगणात पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर परडी, परडीत शेंगा, अंगभर ऊन. चेहरा दहा वर्षांनी तरुण झालेला. मी शेजारी जाऊन बसले. मनात वाक्य तयार होतं. मी घसाही खाकरला.

“काय ताई, काही म्हणत होतात?”

“काही नाही. कोंबड्या छान आहेत.”

“कोंबड्या?” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “बरं.”

पुढचे दोन दिवस मी मूग गिळून बसले. जेवताना कवळीकर माझ्याकडे बघायचा, मी भाजीकडे बघायचे. रोज ठरवायचे, उद्या बोलू. एका माणसाला मी बोलून घर सोडायला लावलं होतं. आता दुसऱ्या माणसाला बोलून तेच करायला लावायचं, याचा मला धीर होईना. हे माझं शहाणपण होतं की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. आम्ही तिघं एकाच खोलीत. वहिनी दारात, शिवणाचं कापड हातात.

“हो, हो,” कवळीकर म्हणाला. मग बराच वेळ ऐकत राहिला. वहिनींकडे बघितलं. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. मी माझ्या हातांकडे.

“नाही, डॉक्टर,” तो म्हणाला. “इथं आता बरं बसलंय आमचं. तुम्ही लावून टाका मशीन.”

फोन ठेवून तो म्हणाला, “भाजी आणायची होती ना?” आणि पिशवी घेऊन बाहेर पडला. वहिनींनी त्याला हाक मारून सांगितलं, “कांदेही आणा.” आवाज अगदी नेहमीसारखा.

मला बसस्टँडवर सोडायला वहिनीच आल्या. कवळीकर म्हणाला, त्याची पाठ धरली आहे. बसला वेळ होता. बाकावर बसल्यावर मला राहवलं नाही.

“वहिनी, त्याला परत जायचं होतं.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “आले त्या पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. साठ-सत्तर करत झोपेतही मोजायचे.”

“मग तुम्ही का नाही म्हणालात, चला म्हणून?”

“मी का म्हणू?” त्या एकदम वळल्या. “तीस वर्षं मी काय हवं ते सांगत होते. त्यांनी एकदा तरी म्हणायचं होतं, की मला हे हवंय, माझ्यासाठी चल. मी उठले असते, ताई. कोंबड्या शेजारी देऊन त्याच दिवशी उठले असते. पण विचारायला तोंड त्यांचं हवं होतं.”

“मला बोलायला सांगितलं होतं त्याने.”

“कळलं मला. घसा खाकरलात तेव्हाच कळलं. बरं केलंत, बोलला नाहीत. तुम्ही बोलला असतात तर मी नाहीच म्हणणार होते.”

त्यांनी माझी पिशवी उगाच सरळ केली.

“त्यांना सांगू नका हं हे,” त्या म्हणाल्या. “विचारायचं राहिलं, हे त्यांना कळलं तर जिवाला लावून घेतील. त्यापेक्षा माझ्यासाठी त्याग केला असंच समजू देत. तेवढं तरी सुख असू दे.”

याला तीन वर्षं झाली. कवळीकर आता तिथल्या चष्म्याच्या दुकानात काड्या आणि काचा बसवतो. रविवारी फोन करतो. म्हणतो, “काम बरं आहे, ताई. आणि काही म्हणा, तिच्यासाठी आलो ते सोनं झालं.” मी म्हणते, “हो रे, झालं खरं.” मग वहिनी फोन घेतात, अंगणातलं सांगतात आणि सांगता सांगता मधेच थांबतात. पलीकडे तो जवळच बसलेला असतो, म्हणून आम्ही दोघी कोंबड्यांचं बोलतो.