समुद्र पायाशी धरलेला नकाशा

आमच्याकडे नकाशा कुणी सरळ धरतच नाही. बोर्ली पंचतनपासून हरिहरेश्वरपर्यंत कुणाच्याही हातात कागद द्या, तो आधी कागद फिरवून समुद्र आपल्या पायाशी आणतो, डोंगर वर नेतो आणि मग म्हणतो, "हां, आता बोला." उत्तर डाव्या हाताला गेली तरी त्याला काही वाटत नाही. मीही तसाच धरते.

आमच्या वाड्यांना पत्ता म्हणाल तर 'वरच्या कातळसड्यावरचं तिसरं घर'. म्हणून अ‍ॅम्ब्युलन्ससाठी मी नकाशाचं एक ओपन सोर्स, म्हणजे कुणीही हातभार लावावा असं, सॉफ्टवेअर लिहिलं. सगळा तालुका चौकोनांत पाडला आणि प्रत्येक चौकोनाला माझ्या मनानं एकेक नंबर दिला. आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला ते पाठ होते. त्याची आई दम्याची, डोंगरातल्या वाडीत एकटी. तो म्हणायचा, "ताई, मी ड्युटीवर आसलो तरी आयेकडं कुनीबी पोचंल, येवडं झालं म्हंजे बास."

पण बाहेरच्या गाड्यांना माझे नंबर कळेनात. अलिबागकडचा ड्रायव्हर एकदा फोनवर खेकसला, "हा कुठला नंबर, लॉटरीचा?" जगभर चालणारी प्रमाण ग्रिड घ्या, असं या सॉफ्टवेअरवर काम करणारे बाकीचे लोक कधीचे सांगत होते. त्यात नकाशाच्या दोन कडांवरच्या दोन आकड्यांनी जागा ठरते. मी सहा महिने भांडले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! निदान दोन्ही पद्धती ठेवू म्हटलं, तर उत्तर आलं, दोन पद्धती म्हणजे दुप्पट घोटाळा. बरोबरच होतं ते. रोज तेच वाद, तेच खुलासे. माझ्या डोक्याची नुसती मंडई झाली होती. शेवटी थकून मी माझे नंबर स्वतःच्या हातानं पुसले.

कोडचं काम दोन दिवसांत झालं. मग जिथे रेंज नाही तिथल्यासाठी छापील नकाशे काढले. खाली नकाशा वाचायची सूचना हवी होती. जगभर शिकवतात तीच ओळ मी मराठीत लिहिली: आधी आडव्या कडेचा आकडा, मग उभ्या कडेचा. एकदाचं घोडं गंगेत न्हालं म्हणून मी दुपारभर झोपले.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी ड्रायव्हरच्या आईला जोराचा दमा लागला. त्याची गाडी ब्रेकच्या कामाला गॅरेजात होती. तो बोर्लीच्या बाजारात होता, तिथे त्याला शेजाऱ्यांचा फोन आला. त्यानं फोनवरून बाहेरची गाडी बोलावली, नेट नव्हतं म्हणून छापील नकाशा तिथल्याच एका टेम्पोच्या बॉनेटवर पसरला आणि आकडे वाचून दिले. गाडी खाडीच्या पलीकडे गेली. चूक उमजून ती वाडीत पोचेपर्यंत म्हातारी गेली होती.

तेराव्यानंतर तो आमच्याकडे आला. चहाला हात लावला नाही. म्हणाला, "ताई, माज्या हातनं आकडे उलटे गेले. आयेला मीच मारली. आता गाडी चालवायची न्हाय."

मी नकाशा आणला. "कसा वाचलास, दाखव."

त्यानं कागद फिरवला, समुद्र पायाशी घेतला आणि आता आडव्या आलेल्या कडेवर बोट ठेवलं. कागद फिरवला की आडवी कड उभी होते आणि उभी आडवी, एवढंच. ती ओळ होती कागद सरळ धरणाऱ्यांसाठी. 'आधी समुद्राकडून आत, मग किनाऱ्यानं उत्तरेला' असं लिहिलं असतं तर इथलं शेंबडं पोरही चुकलं नसतं. आणि मी, जन्मभर नकाशा असाच धरणारी बाई, लोकांची ओळ उचलून खाली चिकटवून मोकळी झाले होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

क्षणभर गप्प बसावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? तो स्वतःवर घेतच होता.

"सूचना मी लिहिली," मी म्हटलं. "तिच्यात लिहिलंय तसंच तू केलंस. चूक माझी."

त्यानं खालच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हंजे मी बराबर वाचलेला?"

"बरोबर वाचलंस."

मला वाटलं, आता हा मला शिव्या घालेल. तो तिथेच ओटीवर बसला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडला.