सही केलेली मतपत्रिका

प्राध्यापकांकडून मतदान करून घेण्यापेक्षा आरे-वारेच्या किनाऱ्यावर जाऊन खेकडे मोजत बसावं. खेकडे निदान उलट प्रश्न विचारत नाहीत. विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सगळे जिला सिनेट म्हणतात तिच्यावर, शिक्षकांचे प्रतिनिधी निवडायचे होते आणि रत्नागिरीच्या केंद्राचा मी केंद्राध्यक्ष होतो. नियमांचं पुस्तक माझ्याइतकं कोणी वाचलेलं नाही असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा घालायचा, एक, दोन, तीन, बस्स. बरोबरची खूण नको, अक्षर नको, सही नको. मत कोणाचं हे ओळखू येईल असं काहीही कागदावर दिसलं की मत बाद. सकाळपासून हे सांगून माझा घसा बसला होता. तरी भूगोलाचे एक सर विचारतात, "पहिली पसंती दोघांना दिली तर चालेल का हो?" म्हटलं, "सर, लग्नात चालते का?"

उमेदवारांत माझा एक मित्र होता. अठ्ठावीस वर्षं आम्ही एकाच विभागात समोरासमोरच्या टेबलांवर बसलो, पेपरांचे गठ्ठे तपासले, भांडलो. तो संगमेश्वरकडचा, शेतकऱ्याघरचा, डोक्याने गरम. आमच्या एका विद्यार्थिनीला, मंडणगडच्या, गुणपत्रिकेत एका विषयाला गैरहजर दाखवलं होतं. पोरगी हजर होती. वर्गावर पर्यवेक्षक हाच होता. ती एक ओळ दुरुस्त व्हायला चौदा महिने गेले आणि तोवर तिची ठरलेली नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. चौदा महिने हा गडी कागद घेऊन विद्यापीठाच्या या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला. शेवटी म्हणाला, "बाहेर उभं राहून बोंबलून काही होत नाही रे. आत बसायला हवं."

समोर प्राध्यापक संघटनेचं पॅनेल, त्याला आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा आशीर्वाद. हा एकटा. दोन महिने सुट्टीच्या दिवशी एसटीने फिरून त्याने प्राध्यापकांची घरं पालथी घातली. निवडणूक पाच वर्षांनी एकदा आणि याच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, म्हणजे पुढची निवडणूक त्याच्या नशिबात नव्हती. मला म्हणाला, "तू ड्युटीवर. माझ्यासाठी तोंड उघडू नकोस. मत तेवढं दे."

"मेल्या, हे सांगायला हवं?" मी म्हणालो.

मतपत्रिका मतदाराच्या हातात देण्यापूर्वी तिच्या मागे केंद्राध्यक्षाची पूर्ण सही लागते. त्या दिवशी सकाळपासून मी सह्याच करत होतो. दुपारी दीडच्या सुमारास रांग संपली तेव्हा सहायक बाई म्हणाल्या, "सर, तुमचंच मत राहिलंय." उठलो, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो, मित्राच्या नावापुढे एकाचा आकडा काढला, घडी घालून कागद पेटीत टाकला आणि जागेवर परत येऊन कुणावर तरी खेकसलो.

मतमोजणी विद्यापीठात होती. नियमवाला माणूस म्हणून तिथेही मला एका टेबलाचा प्रमुख केलं. दोरीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी उभे. पॅनेलचे चांगले चार-पाच जण होते. माझ्या मित्राला कोण असणार, तो स्वतःच उभा होता.

"सर, ह्याच्यावर सही आहे बघा." मदतनिसाने एक मतपत्रिका माझ्यापुढे सरकवली.

मित्राच्या नावापुढे एक. आणि त्या आकड्याखाली माझी सही. मागे असते ती पूर्ण सही नव्हे, उत्तरपत्रिकेत गुण दिल्यावर खाली ओढतो ती छोटी, दोन फटकाऱ्यांची.

आयशप्पत सांगतो, आकडा लिहिला की खाली सही, अठ्ठावीस वर्षं हाच उद्योग केलेला. त्यात सकाळपासून शेकड्याने सह्या झालेल्या. हाताने आपलं नेहमीचं काम केलं आणि मला पत्ता नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! गाढवा, गाढवा, असं मनातल्या मनात म्हणत मी तो कागद नियमाप्रमाणे सगळ्यांना दिसेल असा वर धरला. ती सही कुणाची, हे त्या सभागृहात माझ्याखेरीज एकाच माणसाला कळणार होतं.

निवडणूक निर्णय अधिकारी आले. "बाद?"

"बाद," मी म्हणालो.

"कुणाची हरकत?"

मित्राने कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नाही," तो म्हणाला, "नियम आहे."

शेवटच्या जागेसाठी तो एका मताने पडला. माझं मत धरलं असतं तर बरोबरी झाली असती आणि चिठ्ठी टाकावी लागली असती. म्हणजे निम्मी का होईना, आशा होती. ती मी घालवली. निवडून आलेले गृहस्थ पहिल्या बैठकीला गेले, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. आमच्या भागातल्या पोरांच्या गुणपत्रिकांबद्दल त्यांनी आजवर अवाक्षर काढल्याचं माझ्या कानावर नाही.

मित्र माझ्याशी बोलेना. मीही कुठल्या तोंडाने बोलणार? आणि दीड महिन्याने मला उपप्राचार्य केल्याचं संस्थेचं पत्र आलं. ज्येष्ठतेने पाळी माझीच होती, वर्षभर फाइल पडून होती. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला! स्टाफरूममध्ये लोक अभिनंदन करत होते आणि एकमेकांकडे बघत होते. संध्याकाळी मित्र केबिनमध्ये आला आणि त्याने दार लावून घेतलं.

"अभिनंदन."

"बस रे. ती सही... चूक झाली माझ्याकडून. देवाशप्पत चूक."

तो हसला. "तू? सगळ्या केंद्राला दम देणारा तू, आणि चुकून सही?"

"हात गेला रे."

"बरोबर गेला. मला दाखवायला आकडा, त्यांना दाखवायला सही. दोघांनाही दिलेला शब्द पाळलास." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "दबाव आला असेल, समजतं मला. पोराबाळांचा माणूस आहेस. ज्यांनी मला मत दिलं नाही अशा पन्नास जणांशी मी रोज बोलतो. पण मला खुळा समजून वर चूक झाली म्हणतोस, ते सोसवत नाही. एकदा खरं सांग. पुन्हा विषय काढणार नाही."

मी तीनदा सांगितलं. पेपर तपासायची सवय, सकाळपासूनच्या सह्या, सगळं. तिसऱ्यांदा सांगताना माझं मलाच ते रचलेलं वाटायला लागलं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि प्रत्येक वेळी मान हलवत राहिला. आता हा उठणार आणि कायमचा जाणार, हे मला दिसत होतं.

"होय," मी म्हणालो. "वरून सांगणं आलं होतं."

त्याने डोळे मिटले. मोठा श्वास सोडला. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालं. एवढंच हवं होतं."

तेव्हापासून तो रोज दुपारी माझ्या केबिनमध्ये येतो. कुणाला एक शब्द बोललेला नाही. उलट माझ्याविषयी कुणी वाकडं बोललं तर त्याच्या अंगावर जातो. परवा घरची सुकटीची चटणी घेऊन आला. माझ्या भाकरीवर वाढता वाढता म्हणाला, "खरं कबूल करायला छाती लागते. तू केलंस."

मी म्हटलं, चटणी फर्मास झाली आहे.