एकाच कंपनीचं शिकवणं
चूक माझीच होती. धाराशिवच्या माझ्या क्लासात मी मुलांना एकाच कंपनीच्या फुकट साधनावर ॲप बनवायला शिकवलं, कारण ते शिकवायला सोपं होतं. तेरच्या एका विद्यार्थिनीनं त्यावर गावच्या दूध डेअरीसाठी ॲप केलं. तिचं ते पहिलंच काम. पुढं कंपनीनं ते साधन बंद केलं, आणि ॲप दुसरीकडं हलवायची सोयच नव्हती. मी मेलवर मेल पाठवले. दरवेळी तेच ठरावीक उत्तर.

“सर, म्या लिहिलेलं मलाच बाहेर काढता येईना, हे कसलं वो?” ती म्हणाली. “डेअरीवाले म्हणतेत, हिला कायबी येत न्हाय.”

तोवर मी कंपनीच्या नावानं खडे फोडत होतो.

“चुकलो गं मी,” म्हणालो. “प्रोग्रामिंग शिकवतो म्हणालो आणि तुला त्यांचं गिऱ्हाईक करून ठेवलं. माफ कर.”