माहेरचा माणूस

तो गेल्याची बातमी मला बेळगावात, बँकेतच कळली. कन्नड पडद्यावरचा जुना, सगळ्यांचा लाडका नट. काउंटरवर हळहळ चालू होती आणि माझ्या डोळ्यांपुढं येळ्ळुरातली आमची आई उभी राहिली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घर गाठलं.

आईचं बालपण लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टरमधलं. तिथं तंबूत त्याचे सिनेमे लागायचे. त्याच्यासारखा देखणा माणूस पुन्हा बघितला नाही, हे ती फक्त मलाच सांगायची. कारण लग्न होऊन ती आली आमच्या वडलांच्या, सीमालढ्यात तुरुंग भोगलेल्या आप्पांच्या घरात. इथं कन्नड चॅनेल लावायची कुणाची छाती नव्हती. मी दिवसभर कन्नड बोलून पोट भरते आणि गावच्या वेशीत शिरताना ती भाषा गुंडाळून पर्समध्ये टाकते. माझा मलाच वीट येतो. पण मला निदान वेस ओलांडता येते, आईला तेवढंही नाही.

सोप्यात आप्पा चार कार्यकर्त्यांबरोबर टीव्हीपुढं बसलेले, मराठी बातम्या लावून. आई स्वयंपाकघरात, बातमी तिच्या कानावर आलेली. तिला एकच हवं होतं, त्याची अंत्ययात्रा डोळे भरून बघायची. मी मोबाईल पुढं केला.

"चोरून बघू व्हय?" ती म्हणाली. "माणूस मेलाय गं."

आणि उठून तिनं सरळ डोक्यावरून पाणी घेतलं. ओल्या केसांनी ती बाहेर आली तसे आप्पा दचकले.

"कोण गेलं?"

"माह्यारचं."

झालं! सुतकाच्या घरात टीव्ही कसला, म्हणून आप्पांनी तो बंदच केला. कार्यकर्ते हात जोडून उठले. शेजारणी भाकरी-आमटी घेऊन हजर झाल्या. "कोण गं आक्का?" "ल्हानपणापास्नं वळखीचं," म्हणत आई हमसून रडली, उघड, सगळ्यांसमक्ष. पण बायकांनी तिला असं घेरलं, की मोबाईल दाखवायचीही सोय उरली नाही. तिकडं त्याला अग्नी दिला तेव्हा एक शेजारीण आईला पाणी पाजत होती. मला रागही येत होता आणि रडूही.

बायका पांगल्यावर आप्पा आत आले.

"लोंढ्याला जाऊन यायचं का?"

"तितं आता कोण हाय?" आई म्हणाली.

"कोण न्हाय. पण तंबू लागायचा ती जागा असंल की."

आई त्यांच्याकडं बघतच राहिली. मीसुद्धा. इतकी वर्षं आम्ही दोघी लपवत होतो आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. मी हळूच रिमोट त्यांच्या हातात दिला. आप्पांनी उघड्या दाराकडं बघितलं. समोरच्या कट्ट्यावर नेहमीची माणसं बसली होती. त्यांनी रिमोट फळीवर ठेवला आणि खांद्यावर पंचा टाकला.

"मलाबी पाणी काढ," ते आईला म्हणाले.