बदामाची दुरी

“काका, तो डाव व्याह्यांनी तुम्हाला मुद्दाम दिला. पत्ते वाटत होते तेच. बदामाची दुरी हळूच खालून काढली आणि मुलीच्या सासऱ्याचा मान राखला.” जेसल पार्कातल्या आमच्या इमारतीत ही कथा इतकी रुजली आहे, की माझा मुलगासुद्धा ती ऐकताना मान डोलावतो. कथा साफ खोटी आहे. व्याही आता हयात नाहीत. तेव्हा त्यांच्या वतीने आणि माझ्याही वतीने मलाच बोलणे भाग आहे.

शक्यतेवर त्यांच्याइतकी निष्ठा असलेला मनुष्य अख्ख्या मीरा-भाईंदरात झाला नाही. लग्नाच्या बैठकीत आमच्या सौभाग्यवतींनी सहज विचारले, “मुलं सुखी होतील ना हो?” कोणताही मुलीचा बाप अशा वेळी हात जोडून ‘होणारच’ म्हणेल. यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, “शक्यता उत्तम आहे. खात्री मात्र मी देत नाही.” सौभाग्यवतींनी हे वाक्य त्यांना कधीही माफ केले नाही. ते राहायचे उत्तनच्या वाटेवरच्या डोंगरीला. एकदा मला मासळी घ्यायला उत्तनला घेऊन गेले आणि पापलेट हातात धरून कोळणीला विचारू लागले, “बाई, हा आजचाच असण्याची शक्यता किती?” ती कडाडली, “बाबा, मासा हाय तो, लॉटरी न्हाय! घ्यायचा तर घे, न्हायतर ठेव खाली!” व्याह्यांनी पापलेट घेतला. वाटेत म्हणाले, “एवढी चिडली म्हणजे ताजा असण्याची शक्यता वाढली.”

अशा या गणिती माणसाची एकच गोष्ट हिशेबाबाहेरची होती. मुलीच्या सासरचे पाणी पिणार नाही, असा शब्द त्यांनी आपल्या आईला दिला होता. “मला स्वतःला पटत नाही,” ते म्हणत, “पण शब्द दिलाय.” दर रविवारी रिक्षातून उतरत ते खांद्याला पाण्याची बाटली लटकवून. सूनबाई विनवायची, “अप्पा, निदान सरबत तरी?” “त्यात पाणीच असतं, बाळ.” चिवडा मात्र बशीभर खात, तो कोरडा असतो म्हणून. तिचा चेहरा उतरलेला मला दिसत असे, त्यांनाही दिसत असावा.

पोकर त्यांनीच आम्हाला शिकवला, तोही चिंचोक्यांवर. हातात दोन पाने आपली, मधे उघडी पडणारी पाच सर्वांची; त्यांतून एकाच जातीची पाच जमली, की ती कोणत्याही जोडीला भारी. शक्यता कमी दिसली की ते झोपलेले मूल अंथरुणावर ठेवावे तसे पत्ते खाली ठेवत. मी हिंमतीवर खेळत असे आणि हरत असे. “व्याही, तुम्ही पत्त्यांशी भांडता. त्यांना ऐकू येत नाही,” हा त्यांचा मला ठरलेला उपदेश होता. वर्षानुवर्षे मी त्यांना एकदाही हरवले नव्हते.

त्या रविवारी मधे चार पाने पडली होती, त्यांत बदामाची दोन. माझ्या हाती बदामाचीच सत्ती आणि चौकी. व्याह्यांनी सगळे चिंचोके पुढे सरकवले. मीही सरकवले. पत्ते उघडे झाले, तर त्यांच्याकडे दोन काळे एक्के! “न दिसलेली पानं चव्वेचाळीस,” ते शांतपणे म्हणाले. “त्यांत बदामाची नऊ. पाचात एक वेळ तुमची, चार वेळा माझी. तुम्ही यायलाच नको होतं.” त्यांनी शेवटचे पान उलटले. बदामाची दुरी! माझे बदामाचे पंचक जुळले आणि एक्के बसले हात चोळत.

“गणित चुकलं,” असे कोणी म्हणतात, तेही अडाणीपणाचे आहे. पाचातली ती एक वेळ कधीतरी यायचीच होती. ती माझ्या वाट्याला आली आणि मी ती सोडणार नाही. उरला आरोप लबाडीचा. ज्याला पान आधीच ठाऊक असते, त्याचा घसा कोरडा पडत नाही. मी समोर बसलो होतो, सूनबाई दारात उभी होती. आम्ही दोघांनी पाहिले ते एवढेच सांगतो. दुरीकडे टक लावून बघत व्याह्यांनी हात लांबवला, माझा पाण्याचा तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. त्यांची भरलेली बाटली त्यांच्या खांद्यालाच लटकत होती.