आईच्या कानातली पाखडण

डॉक्टरांच्या स्क्रीनवर आईच्या मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांचा बारीक गुंता दिसतो आहे. डोक्यातलं रक्त खाली नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी अडकली, मागे दाब वाढत गेला, आणि त्या दाबामुळेच बहुधा या नको त्या वाहिन्या तयार झाल्या, असं ते सांगतात. आता धमनीतलं रक्त थेट शिरेत घुसतं. त्याचाच आवाज आई कित्येक महिने ऐकत होती.

"कानात कुणीतरी सारखं धान्य पाखडतंय," असं ती घरी म्हणाली होती. "वहिनी, तुमचं रोज काहीतरी नवीन," आत्या हसली. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग लसणीचं कोमट तेल कानात गेलं, वर कापसाचा बोळा बसला आणि विषय मिटला.

रक्ताला अडवलं तर ते निदान वेडीवाकडी वाट तरी काढतं. आमच्या घरात बाईचं बोलणं अडवलं की ते तिथेच थांबतं.

गुंता फुटला तर मेंदूत रक्तस्राव होईल. उपचारांची घाई किती, हे आता आईच्या उत्तरांवर ठरणार आहे. डॉक्टर विचारतात, "आवाज वाढलाय का?"

आई आधी बाबांकडे बघते. मग म्हणते, "नाही, एवढा काही नाही."