तेरा नंबरची खुर्ची

महाडात कुजबुज होती की मयूरमहाल टॉकीजच्या तिकीटखिडकीवरची तुळसाबाई बाल्कनीतली तेरा नंबरची खुर्ची कुणालाच विकत नाही, एका माणसासाठी राखते. माणूस कोण, ते ज्याच्या-त्याच्या मनावर. मी कापडे गावच्या मुरारीचं नाव पुढे केलं. तो विधुर, ती विधवा, आणि मला चहाबरोबर काहीतरी लागतंच.

टॉकीज जुनं, पण ऐट राजवाड्याची. मालक राजेशच्या आजोबांनी नव्वद वर्षांपूर्वीच्या मंदीत मुंबईची थाटाची थिएटरं पाहिली. लोकांच्या घरी चूल धड पेटत नाही, तरी ही भरतात, हे हेरून त्यांनी इथे तसंच बांधलं. दारावर प्लास्टरचे हत्ती, आत मखमली पडदा. नियमही त्यांचाच : शेवटचं तिकीट फाटल्याशिवाय हाऊसफुल्लची पाटी लावायची नाही.

यंदा राजेश म्हणाला, "तुळसाबाई, शिमग्याच्या रविवारी पाटी लागली तर टॉकीज राहील. नाहीतर सोमवारपासून गोडाऊन."

ती तीस वर्षं त्या खिडकीत बसलेली. गोडाऊनला खिडकी लागत नाही.

रविवारी वीर स्टेशनावरून चाकरमान्यांच्या रिक्षांवर रिक्षा आल्या. दुपारच्या खेळाची तिकिटं भराभर संपली. उरलं एकच, तेरा नंबरचं. राजेश पाटी घेऊन उभा. तेवढ्यात मुरारी आला, आणि त्याच्यामागे, अर्थातच, मी. माझं खालचं तिकीट आधीच काढलेलं.

"एक हाय का गो?"

तुळसाबाईने इकडेतिकडे पाहिलं. मग जाळीला तोंड लावून ती बराच वेळ कुजबुजली. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं.

"मधी उठायचं नाय. नि कुनाला बोलायचं नाय."

"नाय उठत."

तिकीट फाटलं, पाटी लागली. मध्यंतरात सगळे वड्यांवर तुटून पडले, मुरारी जागचा हलला नाही. खेळ सुटल्यावर तो कमरेत वाकून, लंगडत उतरला.

"काय रे, एवढं काय बघितलंस?" मी विचारलं.

"पिक्चर," तो म्हणाला.

संध्याकाळी पोलादपुरात त्यांच्या लग्नाची तारीखसुद्धा पोचली. ती मीच काढली होती.

राजेशने शब्द पाळला. टॉकीज चालू आहे.

परवा मी मुद्दाम बाल्कनीत जाऊन पाहिलं. तेरा नंबरच्या खुर्चीला बूडच नाही. मोडक्या खुर्चीचं निमित्त करून राजेशने टाळंच लावलं असतं, म्हणून तुळसाबाईने ते लपवलं. मुरारी तीन तास लोखंडी पट्टीवर बसला होता.